मानशीची फळी

पहाटे साडेपाचला टाक्यांवरचे दिवे लागतात
आणि झेब्राफिशच्या माद्या अंडी सोडतात.
बांबोळीच्या पठारावर तेव्हा कुत्रीही उठलेली नसतात.
ड्रॉपरने मी एकेक अंडं उचलते,
मोहरीच्या दाण्याएवढं, पण आरपार,
आणि काचेच्या सुईने आत एक थेंब ढकलते,
एका जनुकाला गप्प करणारा.
त्याला नाव नाही, वहीत नुसता आकडा.
मी त्याला मानस म्हणते.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा आगशीच्या खाजनात मानशीवर होते.
भरतीला लाकडी दार आपोआप मिटायचं,
ओहोटीला आपोआप उघडायचं,
तरी माणूस लागायचा:
सांध्यात काटकी अडकते, कुर्ली बसते,
कालवं चढून फळी जड होते.
कमरेएवढ्या पाण्यात उतरून
ते अंधारात हाताने चाचपायचे.
घरात घड्याळ होतं,
पण ते भरतीला विचारून चालत नसे.

चोविसाव्या तासाला डोळ्याचा पेला दिसतो.
आत पेशींची गर्दी.
दुभंगायची वेळ आली की प्रत्येकीचं केंद्रक
बाहेरच्या भिंतीपाशी सरकत जातं,
जशी बाई बावीवर जावी;
जाताना एकटी, येताना दोघी.
तासन् तास हीच ये-जा.
मी बघत राहते, चहा निवतो.

अंदाज मी डॉ. कुतिन्होंना आधीच लिहून दिला होता:
जनुक गप्प झालं की पेशी कमी होतील.
विभागणाऱ्या पेशी हिरव्या चमकतील असा रंग भरला,
अठ्ठेचाळीस तास थांबले.
साध्या भ्रूणांत हिरवं आता फक्त कडेला उरलेलं;
मधल्या पेशी थांबून
कुणी उजेड झेलणारी झाली होती,
कुणी निरोप नेणारी.
माझ्या भ्रूणांत
पेला काठोकाठ हिरवा.
मी तीनदा मोजलं. डिशवरची चिठ्ठी उलटसुलट लागली असेल
म्हणून पुन्हा पहाटेपासून सगळं केलं.
तेच.
सगळ्या नुसत्या वाढत होत्या.
बघणारी एकही झाली नव्हती.

पाचव्या दिवशी दोन्ही डिशवर हात धरला.
सावली पडताच साधी पिल्लं सुर्रकन पांगली.
माझी होती तिथेच राहिली,
माझ्याच हाताखाली.

एका वर्षी मानशीची फळी कुजून फुटली.
मी सातवीत होते.
पाणी आलं, येत राहिलं,
बांधावरून पाहिलं तर सुंदर दिसत होतं,
चांदण्यात पसरलेलं, भरलेलं, खारं.
कोरगुट भात खारं सोसतं,
पण सोसण्यालाही दाणा धरावा लागतो.
शेजारचे खाडीला शिव्या देत होते.
बाबा फुटकी फळी खांद्यावर घेऊन आले,
अंगणात ठेवून म्हणाले,
"उदक वायट न्हय गो. दार वायट जालें."
मग पाय धुवायला गेले.

डॉ. कुतिन्होंनी आलेख पाहिला, चष्मा काढला,
म्हणाल्या, चुकीचा अंदाज नीट जपून ठेव,
त्याच्याच पाठीवर पुढचा प्रश्न लिहायचाय.
मी खरंच त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं:
थांबायला कोण सांगतं?
खाली किराणा मालाची यादी होती, ती तशीच राहू दिली.

रविवारी आईने चणकाचं हुमण केलं.
डोकं नेहमीसारखं बाबांच्या ताटात.
मी सांगितलं, माशाचा डोळा जन्मभर वाढतो,
कडेला एक बारीक कडं असतं,
तिथल्या पेशी कधी पुरत्या थांबत नाहीत.
बाबांनी डोळा चोखून
आतला पांढरा टणक मणी
ताटाच्या काठावर ठेवला,
बोटाने थोडा फिरवला.
"मग ह्याचं वय किती असेल?"

मी गप्प राहिले.
अंदाज सांगायची सवय
सध्या जरा आवरती घेतली आहे.