माया

ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून
निपाणी सोडून चिकोडीला येते गोळ्या न्यायला.
अकरा वर्षं झाली.

काट्यावर चढताना चपला काढते,
पर्स खाली ठेवते,
तरी एक्क्याऐंशी.
"तूक जास्ती आय्तु, अक्का," म्हणत सिस्टर
बीपीचा मोठा पट्टा शोधायला आत जाते.

ह्यांच्या वेळी
चौतीसवर आला होता माणूस.
गल्लीनं आधी त्यांची मनगटं वाचली,
मग माझी.
विडीच्या कारखान्यात माझं सूप
कुणीतरी लांब सरकवून ठेवलेलं.

मग गोळी बदलली. अंग भरलं.
"मानवलं गं तुला," रत्नव्वा म्हणाली
आणि मूठभर तंबाखू
तिच्या सुपातनं माझ्या सुपात टाकला.

आता डॉक्टर म्हणतात, चाला,
मीठ कमी, तेल कमी, काळजाला जपा.
मी मान हलवते.
कसं सांगू, साहेब,
या मांसाआड मी कडी लावून बसलेय.

आज स्टँडच्या दोन थांबे आधीच उतरले.
चढावर दम लागला,
साखरवाडीच्या नळावर बसले थोडी.

झंपर शिवणाऱ्या शाहेदाला सांगून आले :
आत माया ठेव गं जरा.
वाढले तरी,
उतरले तरी.