केवढ्याची

आमच्या शहराला चढ नाही.
सदरचा उड्डाणपूल आहे, सेमिनरी हिल्सचं टेंगूळ आहे;
चार महिने पहाटे त्यांच्यावरच मी
रहाटाच्या पोहऱ्यासारखी
खाली-वर, खाली-वर.

आज मात्र रामटेक.
साडेचारला निघाले. कामठीची छावणी झोपेत,
कन्हानच्या पुलावर धुकं इतकं
की नदी फक्त वासाने कळली.
मनसरला वाट थोडी वाकडी केली:
टेकडीच्या उकरलेल्या कुशीत जुन्या राजांच्या विटा,
चळतीवर चळत.
मेडिकलच्या एक्स-रे खोलीत बावीस वर्षं काढलेली बाई मी,
मला त्या मणक्यांसारख्या दिसतात,
आणि दर वेळी तोंडावर येतं,
श्वास रोखून धरा. हलू नका.

मग गडाचा रस्ता.
सगळ्यात हलका गियर. त्याच्याखाली गियर नाही
हे दर दहा पॅडलला पुन्हा तपासून पाहिलं.
मांड्यांत कळीचा चुना भिजत घातल्यागत उकळत होतं
तेवढ्यात शेजारून आवाज आला,
चपलांचा.

काळी जुनी सायकल ढकलत एक माणूस,
कॅरिअरवर शिंगाड्यांची दोन पोती,
ओली, ठिबकणारी.
मी चालवत होते. तो चालत होता.
आमचा वेग एकच होता.

अर्धा किलोमीटर असं शेजारी शेजारी गेल्यावर
न बोलणं बरं दिसेना.
दुर्योधन मारबते. तलाव त्यांच्या सोसायटीचा.
वर गडावर साळी बसते विकायला,
अर्धा माल तिला, अर्धा खाली स्टँडवर.
"केवढ्याले पडली जी, मॅडम?"

सायकल शहाण्णव हजारांची आहे.
एरियर्स आले होते, कोणाला बोलले नव्हते.
घरी अठरा सांगितलेत.
मी ठिबकणाऱ्या पोत्यांकडे पाहिलं
आणि तोंडातून निघालं, "आठ."

"आठ हजार!" तो थांबलाच.
मीही पाय टेकला. (निमित्त हवंच होतं.)
त्याने दोन बोटांनी सायकल उचलली,
दवाखान्यात तान्हं तोलतात तशी,
आणि जपून खाली ठेवली.
"इतली हलकी हाये जी.
मंग चढाले जड काऊन जाते?"

वर वराहाची मूर्ती. पोटाखालून सरपटत निघायचं,
पापी असेल तो अडकतो म्हणतात.
एक पोट्टं सुळकन निघालं, मागून त्याची आई,
मग एक ठेकेदार दिसणारा गृहस्थ, पोटासकट.
लोक माझ्याकडे पाहू लागले.
मी हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिले बराच वेळ,
मग म्हटलं, पाठ धरली आहे.
त्याच सुमारास वानराने माझं केळं नेलं.
हायसं वाटलं. काहीतरी दंड झाला.

उताराला मी दोन्ही ब्रेक आवळून,
कोपरं ताठ, दात ताठ.
मागून मडगार्डचा खडखडाट:
"बाजूले, मॅडम, बाजूले!"
उरलेलं एक पोतं, डावी चप्पल डांबराला घासत
(तोच ब्रेक),
सदरा पाठीवर फुगलेला,
दुर्योधन वळणावरून असा गेला
की रस्ता त्याच्या नावावर असावा.

स्टँडवर शोधला. दिसला नाही.
दुसऱ्याच एका बाईकडून उकडलेले शिंगाडे घेतले,
तिने दोन जास्त घातले. मी कारण विचारलं नाही.

परतताना उन्हाने मान भाजली.
सदरचा पूल आला तो कळलाच नाही,
संपल्यावर कळलं की चढ होता.

होमेश्वरने दार उघडलं, हातात वर्तमानपत्र.
मी पुडी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायले,
आणि म्हणाले, "शहाण्णव."
"किलोमीटर?" त्याने विचारलं.
मी शिंगाडा सोलायला घेतला होता.
त्याला दोन बाजूंनी काटे असतात,
कुठे धरावं ते आधी बघावं लागतं.