उष्टं

कोयाइकेच्या इस्पितळात तळघराला खिडकी नाही.
तिथे एलेओदोरो बार्रियाच्या जठराचा
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप
मी काचेवर बघते.
केंद्रकं तपकिरी झालीत. एक नाही, दोन नाही,
पेशीमागून पेशी.

म्हणजे तोच.
मुक्यातून येतो, उष्ट्यातून येतो,
लहानपणी चार दिवस अंग तापवतो
आणि मग जन्मभर बिऱ्हाड करतो,
भाडं नाही, आवाज नाही.
बहुतेक सगळ्यांकडे असतो.
माझ्याकडेही असणार.

इथे मात्र घर फिरलं, वासे फिरले.
एका जनुकात एकच अक्षर बदललं
आणि वाढीचा नळ उघडा राहिला.
बाकी फारसं खोडलेलं नाही,
नुसती कुलपं घातलीत, बारीक, शेकड्यांनी.
‘थांब’ म्हणणाऱ्या जनुकालाही एक.
शब्द जागच्या जागी आहेत,
वाचायला कुणी आत जाऊ शकत नाही.

आणि भोवती ही गर्दी!
पांढऱ्या पेशी इतक्या दाटून आल्यात
की गाठ त्यांच्यातून शोधून काढावी लागते.
आल्यात, आणि हात बांधून उभ्या आहेत.

पेशंट वर, मी खाली, असा नियम आहे.
पण गाव लहान. तो जिना उतरून आला,
चाळीस वर्षं मेंढ्या कातरलेले हात मांडीवर ठेवून
सगळं ऐकलं, आणि म्हणाला,
‘पूमानं मालकाचा पोंचो पांघरला
तर माझी कुत्री काय भुंकणार?’

एवढं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

पोंचो ओढून काढणारं औषध आहे, मी म्हटलं.
सान्तियागोहून येतं, बर्फात, अर्ज केल्यावर.
लागू पडतं?
कधी कधी. तुमच्या जातीच्या गाठीत जरा जास्त वेळा.
‘जरा’वर तो बराच वेळ थांबला.

मग विचारलं त्यानं खरं विचारायचं ते:
नात आहे, यास्ना, सहा वर्षांची.
रोज संध्याकाळी माझ्याच मातेच्या भांड्यातून,
माझ्याच नळीनं दोन घोट घेते.
बंद करू?

तिच्यात तो आधीच आला असेल, मी म्हटलं,
तुमच्याकडून, आईकडून, शाळेतल्या कुणाच्या सफरचंदातून.
आणि बहुतेक जन्मभर झोपून राहील.
बहुतेक.

त्यानं पिशवीतून थर्मास काढला.
प्रयोगशाळेत खाणंपिणं मना आहे,
भिंतीवर मीच लिहून लावलंय.
बाहेर जिन्यावर बसलो.
पहिला घोट त्याचा.
मग नळी न पुसता
त्यानं भांडं माझ्याकडे केलं.