समास

तृतीय वर्ष कला, पेपर सहावा.
वर्गात सात जण, दोघं अजून एसटीत.
वारा फिरला की हर्णैचा लिलाव इथवर ऐकू येतो,
आणि वासही.
फळ्यावर लिहिते : इंग्लंड, चौदावं शतक.
खडू दमट. शतक अर्धंच उमटतं.

सांगते, दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन,
इंग्रजी चुलीपाशी, गोठ्यात,
आणि बाजारात शिव्या द्यायला.
रुचिता शिगवण मान वर करते :
"म्हंजे म्याडम, इंग्लिशला पन कोनी गावठी म्हनायचं?"
वर्ग हसतो.
मी हसत नाही, या प्रश्नाला तीन तास लागतील
आणि मला तासाचे पैसे मिळतात.
(मिळतील. मार्चचं बिल अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे.)

जनावर गोठ्यात असेतो गड्याच्या भाषेत,
ताटात पडलं की मालकाच्या.
निशांत पावसे, पाजपंढरीचा, मागून म्हणतो :
"होडीत हाय तवर सुरमय.
रिसॉर्टात किंगफिश. भाव तिप्पट."
हे गाइडात नाही. मी लिहून घेते.

मग साथ येते.
बंदरातून आली, म्हणते मी,
आणि सगळे खिडकीबाहेर बघतात.
निम्मं गाव गेलं. पीक उभं, कापायला हात नाहीत.
उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली,
तर राजानं कायदा केला :
साथीआधीचाच दर. जो वाढवून मागेल त्याला खोड्यात घाला.
इथं मी थांबते, पाणी पिते.

कुळांची नावं कुठं सापडतात?
जमीनदाराच्या दप्तरात. तीही दंड झाला तरच.
ॲग्नेस, विधवा : मालकाच्या गिरणीत न जाता
घरच्या जात्यावर दळलं, दंड सहा पेन्स.
दळताना ती काय म्हणत होती, ते दप्तरात नाही.
साहित्याचा इतिहास या पेन्सांपाशी संपतो
आणि पुढच्या पानावर सरदारांच्या प्रेमकथा सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी रुचिता प्लास्टिकच्या पिशवीतून
एक कागद आणते, घडीवर फाटलेला, अक्षर मोडी.
तिला वाचता येत नाही, मलाही नाही.
तिच्या आत्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलेलं तोंडपाठ :
"धाकू शिगवण, कूळ. वेठीस आला नाही.
दंड नाचणी दोन पायल्या."
कागद टेबलावर राहतो तासभर.
पंखा बंद करायला सांगते.

त्याहून जुन्या कवितेत यमक नव्हतं.
ओळीतल्या शब्दांची सुरुवात एकमेकींवर आपटायची,
वल्ह्यावर वल्हं, वाऱ्यावर वारा.
आणि दोन शब्द गाठ मारून तिसरी वस्तू.
आपल्याकडे याला समास म्हणतात.
समुद्रासाठी करा एखादा, म्हटलं मी.
कोणी म्हणालं मीठवाट. कोणी मासेघर.
निशांत म्हणाला, "बापगिळी."

त्या दिवशी मी हजेरी दुसऱ्यांदा घेतली.

नकलनवीस साधू थंडीनं बोटं वाकडी होईतो
वासराच्या कातड्यावर देवाचं वचन उतरवत,
आणि कडेला, कुणी बघत नसताना,
गोगलगायीशी लढणारा शिपाई काढत.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
परीक्षेला हा प्रश्न येणार नाही, असंही सांगून ठेवलं.

आता उत्तरपत्रिका तपासतेय.
बाहेर ओटीवर सोडे वाळताहेत, मांजर टपलेलं.
प्रश्न चौथा, मध्ययुगीन समाजरचना, गुण दहा.
पावसेनं दीड पान लिहिलंय,
तीन वर्ग बरोबर, साथीचं साल चुकलेलं,
आणि लाल रेघेच्या डावीकडे,
तिथं काही लिहू नये अशी छापील सूचना आहे,
तिथं एक चिंबोरी.
नांग्या उघड्या. उत्तराकडे तोंड करून चाललेली.

किती गुण द्यावेत याचा विचार करत
मी लाल पेनचं टोपण लावते, काढते.
गुण दिले नाहीत.
खोडलीही नाही.