हातचं न राखता

रोस्विता,
तू मागितले तेवढेच नव्हे, सगळेच आकडे पाठवते आहे.
एकोणीस हिवाळे आहेत यात
आमच्या नुर्मेस गावाला ऊब देणाऱ्या लाकडाच्या भट्टीचे.
रकाने पुष्कळ आहेत. आडवं सरकत जा,
आम्ही गोठलेल्या तळ्यावरून जातो तशी,
पाय न उचलता.

पहिल्या रकान्यात ओलावा.
मे महिन्यात शंभर किलो लाकडात अडतीस किलो पाणी,
जानेवारीत चोपन्न.
म्हणजे थंडी हाडात शिरते तेव्हाच
आम्ही निम्म्याहून जास्त पाणी भट्टीत घालतो.
धुराड्यावरचं ते पांढरंशुभ्र, ते बहुतेक पाणीच.
शाळेतली मुलं चित्रात त्याला डोळे काढतात.

दुसऱ्यात डिझेल.
हा रकाना कंपनीचा नाही.
कंपनीनं दिला होता तो आकडा गोल होता,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
हा ओइवाचा. तो फांद्यांचा चुरा करणारं यंत्र चालवायचा
आणि सीटखाली एक वही ठेवायचा, पेन्सिलीची:
तारीख, लिटर, कधी नुसतंच ‘पातं बोथट’.
पातं बोथट झालं की
दर घनमीटरला पाव लिटर जास्त जातं.
हे मी कुठल्या निबंधात वाचलेलं नाही.
वही देताना म्हणाला,
‘माझ्या अक्षराला कुणी हसणार नाही ना?’
मी म्हटलं, ग्राझमध्ये फिनिश येतंय कुणाला!
तोच हसला, आणि एक पान अलगद फाडून
खिशात घातलं.
बायकोच्या इस्पितळातल्या आठवड्याचं होतं ते.
तेवढी जागा मोकळी दिसेल तुला.
तिथे सरासरी भरू नकोस.

ट्रक जाताना भरलेला, एकसष्ट किलोमीटर.
येताना रिकामा, तेही एकसष्ट मोजलेत.

आता अवघड जागेचं दुखणं.
हिशेब सुरू कुठून करायचा?
बुंध्यापासून, रोपवाटिकेपासून,
की झाड पाडणाऱ्या यंत्राच्या पोलादापासून?
खोड जातं करवतगिरणीला, शेंडे-फांद्या आमच्याकडे;
मग पाप वाटायचं वजनानं की किमतीनं?
वजनानं वाटलं तर आम्ही पापी,
किमतीनं वाटलं तर जवळजवळ संत.
दोन्ही करून पाहिलंय. दोन्ही पानं जोडली आहेत.

आणि ज्या फांद्या आम्ही आणल्याच नसत्या
त्या शेवाळावर पडून राहिल्या असत्या,
वीस-पंचवीस वर्षं, हप्त्याहप्त्यानं
हवेचं देणं फेडत, कुणाची तक्रार नाही.
आम्ही ते एका दुपारी चुकतं करतो.
राउनी म्हणाला होता, झाड परत उगवतंच ना?
मग लिही शून्य.
मी लिहिलं.
माझ्या नावानं छापलेल्या निबंधात, सातव्या पानावर
ते अजून आहे, अंड्यासारखं, कधी न उबलेलं.
शेवटचा रकाना उघडलास की कळेल तुला
तिथे शून्य नव्हतं.

लहानपणी बेरजेत मी हातचा विसरायची.
बाई पाटीवर खडूनं गोल करायच्या.
मोठेपणी मी हातचं राखायला शिकले,
आणि त्याबद्दल कुणी कधी गोल केला नाही.

राखेचे आकडे वेगळ्या पानावर आहेत.
वसंतात ती आम्ही रानात परत पसरतो;
तिच्यात कॅडमियम किती, तेही लिहिलंय,
दोन वर्षं जास्तच निघालं होतं.

हे सगळं कुणालाही दे. विचारू नकोस.
मला खोटं पाडायचं तर याच आकड्यांनी पाड,
दुसरे शोधत बसू नकोस.
एकच कर, ओइवाचं नाव गाळू नकोस.
तळटीपेत बारीक अक्षरात चालेल,
त्याचंही अक्षर बारीकच आहे.

फाइल जायला चार मिनिटं लागतील म्हणतंय.
बाहेर उणे सत्तावीस.
भिंतीशी रेडिएटर टकटकतोय:
साल, काटक्या, पाणी,
कुठलंतरी ते पाव लिटर.