पान सतरा, चौकट चौथी

करारात लिहिलं होतं:
ठोसे दोघांना सारखेच. अकरा आणि अकरा.
ब्रेकवॉटर आमचा, सिस्टर कोबाल्ट त्यांची,
दोन कंपन्या, दोन वकील, एकच अंक,
आणि हरायचं कुणीच नाही.

जग हरलं तर चालेल, असं ठरलं.
म्हणून लेखकाने वेगळाच काळ मांडला:
एरी सरोवर चाळीस वर्षं गोठलेलं,
क्लीव्हलंडचं नाव पुसून 'विभाग सहा',
ऊब कुपनावर, माणशी दोन तास,
आणि सूर्य सरकारजमा.

मी अक्षरं काढते. पिरोश्का हालमोश,
बकाय रोडवर, बेकरीच्या वरच्या खोलीत.
शूरांची वाक्यं माझ्या हातून जातात
वाढप्याच्या हातून ताटं जावीत तशी.
'धडाम'ला अर्धा तास लागतो.
'माफ कर'ला दीड मिनिट.

चित्रं ऑगी टीलची.
संहितेत त्याला एवढंच दिलं होतं:
'गर्दी. भेदरलेली. उपाशी.'
ऑगीने गर्दी मनाने काढली नाही.
पोलादाचा कारखाना बंद पडला त्या जानेवारीत
बापाचा हात धरून तो उभा होता
सरकारी चीजच्या पिवळ्या ठोकळ्यासाठी.
तेच कोट इथे आले, त्याच कानटोप्या,
बुटात पाणी शिरू नये म्हणून
मोज्यांवर चढवलेल्या त्याच पावाच्या पिशव्या.
फक्त मागे एक टेहळणीचा मनोरा उभा केला
भविष्य वाटावं म्हणून.

पान सतरा, चौकट चौथी.
वर हवेत ते दोघे. नववा ठोसा.
खाली रांग,
आणि रांगेत रुमाल बांधलेली एक बाई
मान वळवून मागच्याला काही सांगते आहे.
तोंड उघडं. फुगा नाही.

मी न्यूयॉर्कला फोन लावला.
ती काय म्हणते?
कोण ती?
रुमालवाली.
लेखक कागद चाळत राहिला, मी ट्रंककॉलचे पैसे मोजत राहिले.
ती गर्दी आहे, तो म्हणाला.

मग बाविसावं पान. एकाच लिव्हरवर दोघांचे हात,
एकदम, एकाच उंचीवर, पट्टी लावून मोजलेले.
काळ मिटतो.
पुढची चौकट अख्खी कोरी
(तिचे ऑगीला अर्धेच पैसे मिळाले).
नायक आपापल्या जगात, धुतलेल्या उन्हात,
आणि करारातलं शेवटचं कलम:
पुढे एकमेकांची आठवण काढायची नाही.

रांगेचं काय, यावर कलम नव्हतं.

त्या रात्री सगळ्यात बारीक निब घेतली.
आई बोलायची तसं लिहिलं,
केरोसीनच्या रांगेतून
मला बघायला घरी पळताना बोलायची तसं:
"जागा धरा हं माझी. आलेच."

आलेच.
पाय उचलला नाही तोच परत आलेली.
पुढच्या पाच पानांत जग संपणार आहे
आणि ही बाई व्याकरणाच्या जोरावर परतलीसुद्धा.

दोन्ही संपादक भिंगं घेऊन बसले.
हॅल्पर्नला बारावा ठोसा सापडला,
तो कोपर आहे की मूठ यावर दुपार गेली,
शेवटी खरवडून काढला.
फुगा कुणाला दिसला नाही.
छापून आला.

परवा लोरेन अव्हेन्यूवर
एका दुकानाबाहेरच्या खोक्यात तो अंक दिसला.
बोटं आता वळत नाहीत, पान उलटायला वेळ लागला.
रांग तशीच. बाई निघण्याच्या बेतात.
मागच्याने कॉलर वर केलेली,
त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही.
ऑगीला विचारलं असतं,
पण तो गेल्या थंडीत गेला.

हा नका घेऊ, दुकानदार म्हणाला,
यात कुणीच मरत नाही.

मी पर्समधून पाव डॉलरचं नाणं शोधलं.