दारफळणी

नवगावात वर्षभर दारं सताड उघडी.
कोंबड्या, शेजारणी, खाडीवरचा वारा,
कोणीही आत यायचं, विचारून कोण येतं?
म्हणून त्या एका दिवसाला नावच पडलं
दारफळणीचा सण.
बाबा आतून कडी घालायचे.
पांढरे कपडे, कोरडा घसा,
आणि अख्खा गाव समजून घ्यायचा
शनवारतेल्यांचं आज वरती काही बोलणं चाललंय.

लीड्समध्ये दारं बारा महिने बंदच.
पोस्टमनसुद्धा फटीतून हात घालतो.
इथे या सणाला वेगळं काय बंद करायचं,
मी दरवर्षी विचारायचे,
आणि हनोख दरवर्षी म्हणायचा,
फोन बंद कर. तेच दार.

यंदा फोन बंद करायला गेले
तर त्यात तोच होता,
फेब्रुवारीतला, हॉस्पिटलमधून:
"येताना चष्मा आण. डबा नको. चष्माच."
बंद केला.
चष्मा अजून माझ्या पर्समध्ये आहे.

सिनेगॉगला आमच्या घरात मशीदच म्हणतात.
मूरटाउनच्या मशिदीत सगळे लिथुएनियाकडचे.
त्यांचे सूर उतारावरून रडत खाली येतात,
आमचे कसे, सुपात दाणे पाखडल्यासारखे, झपझप.
चौतीस वर्षांत मला पान म्हणून सापडलेलं नाही.
शेजारची फ्रीडा लिबरमन न बघताच बोट ठेवते,
इथे.
मी तिथून वाचते.
अर्थ निम्मा कळतो, निम्मा राहतो.
पण काळोखात जिना उतरताना
कठडा कुठल्या लाकडाचा, हे कोण विचारतं?

मग गेलेल्यांची आठवण काढायची वेळ आली.
ज्यांचे आईबाप आहेत ते उठून बाहेर जातात,
त्यांच्यात तसा रिवाज.
पोरं, नवी जोडपी, दाराशी खुसफूस,
आणि आत उरलेलो आम्ही.
आजवर मी बाबांचं नाव घ्यायचे,
जुनं, वापरून गुळगुळीत झालेलं.
आज नवं नाव.
हनोख बेन एलाझार.
त्याच्या कडा अजून बोचतात.
फ्रीडा कोणासाठी उरते, मी कधी विचारलं नाही.
आजही नाही.
तिने बोट मात्र माझ्या पानावरून काढलं नाही,
प्रार्थना संपली तरी.

संध्याकाळची शेवटची प्रार्थना नेईला,
म्हणजे दार मिटण्याची वेळ.
इतकी वर्षं हा शब्द कानावरून जात होता.
आज पोट रिकामं, डोकं हलकं,
आणि एकदम बाबांची कडी वाजली.
अरे, हे तर तेच दार.
मी त्याच्या कुठल्या बाजूला आहे
एवढंच बघायचं राहिलं होतं.
तेवढ्यात शोफार वाजला.
शोफारला कुठल्याच गावचा हेल नसतो.
लिथुएनियाचा नाही, कुलाब्याचा नाही.
बोकडाच्या शिंगातून निघालेला
नुसता लांब श्वास.
मी रडले. मग भूक लागली.

घरी आले तर पायरीवर फॉइलमध्ये आल्याचा केक
आणि पाकिटाच्या पाठीवर डॉरीन ओल्डरॉइडचं अक्षर:
दिवसभर पडदे ओढलेले. दोनदा बेल वाजवली.
बरी आहेस ना?
कोट न काढता, दिवा न लावता,
अर्धा केक उभ्यानेच संपवला.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा.
बाबा या दिवशी पहाटेच कडी काढायचे,
दारात येईल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे.
इथे दारात कोण येणार?
मीच निघाले.
कालच्या आदल्या दिवशीच्या गोड पुऱ्या, डब्यात पाच.
डॉरीनला म्हटलं, शिळ्या आहेत,
पण सणच शिळा आहे.
तिला काय कळलं, देव जाणे.
म्हणाली, आत ये आधी,
आणि दार ओढून घे,
बाहेर भलताच गारठा आहे.